डरकाळीच्या मापाचं स्टेडियम

एक होतं जंगल. बहावाबन त्याचं नाव. तिथली जनावरं फुटबॉल खेळायची आणि बऱ्यापैकी खेळायची. जनावरांना फुटबॉल कुणी शिकवला, असं विचारू नका. ज्या जंगलात निवडणुका होतात, तिथं फुटबॉल झाला तर आपलं काय जातंय?

बहावाबन क्रीडा मंडळाच्या संघात नऊ चितळं, एक ससा आणि गोलात एक अस्वल. कप्तान ठिपसे नावाचा चितळ. पण मंडळाचा खरा आधार होता कोंडाजी साळिंदर. कोंडाजीला खेळायची भारी हौस. पहिल्याच दिवशी त्याच्या काट्यांनी तीन चेंडू फुटले, तेव्हा पंचांनी त्याला कोपरापासून हात जोडले. तेव्हापासून तो मैदान राखायचा. खडे वेचायचा, गवत कातरायचा, आणि सामन्याच्या दिवशी शेपटी फक्कीत बुडवून अशी सरळ रेघ ओढायचा की बघत राहावं. त्या हिरव्या तुकड्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

सामना बघायला दोनशे जनावरं यायची. नदीपलीकडच्या पळसबनाशी लढत असली तर तीनशे. बसायला दगडी पायऱ्या होत्या, त्यातल्या चार रानडुकरांच्या एका कुटुंबानं बसून बसून खचवल्या. म्हणून कोंडाजीनं अध्यक्षांकडे अर्ज केला, की चार पायऱ्या दुरुस्त कराव्यात, जमल्यास चार वाढवाव्यात. इथंच चुकलं बिचाऱ्याचं. सरकारकडे थोडकं मागू नये, सरकारला तो अपमान वाटतो.

अध्यक्ष होते वाघोजीराव. वाघच, पण निवडून आलेले. मतदान दरवेळी शांततेत पार पडायचं, कारण मतपेटीवर साहेब स्वतः बसलेले असायचे. बांधकामखातं तरसे नावाच्या तरसाकडे होतं. साहेबांचं जेवण झालं की उरलेलं तरसेंचं, अशी त्या दोघांची जुनी युती.

तरसेंनी भर सभेत अर्ज वाचून दाखवला आणि पोट धरून हसले. तरसांना हसायला कारण लागत नाही, पण या वेळी होतं.

"चार पायऱ्या? अहो कोंडाजी, अंगाबरोबर सदरा शिवायचे दिवस गेले. वाढत्या अंगाचा शिवा. आपल्याला उद्या अखिल अरण्य चषक भरवायचाय. लाख जनावरं बसतील असं स्टेडियम हवं."

"साहेब, जंगलात आपण सगळे मिळून नऊ हजार," कोंडाजी म्हणाला. "म्हणजे एकेकाला अकरा अकरा जागा झाल्या. आणि येतात दोनशे."

"दोनशे हा भूतकाळ झाला," वाघोजीराव म्हणाले. "आम्ही भविष्याबद्दल बोलतोय. भविष्यात किती येतील ते तुम्ही मोजलंय का?"

कोंडाजीनं भविष्य मोजलं नव्हतं. वानरांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोण वाजवत नाही हे पाहायला दोन लांडगे सभेतून फिरून आले. ते जवळ यायच्या आत कोंडाजीनंही वाजवून घेतल्या.

आता मापाचा प्रश्न आला. बहावाबनात सार्वजनिक बांधकामाचं माप डरकाळीनं घ्यायची रीत होती. अध्यक्षांनी जागेच्या मधोमध उभं राहून डरकाळी फोडायची, चितळांनी पळायचं, आणि शेवटचं चितळ दम खायला जिथं थांबेल तिथं खुंटी ठोकायची. आधीचे अध्यक्ष म्हातारे आणि दमेकरी होते. त्यांच्या खोकल्यावर चितळं चार पावलं सरकायची, म्हणून जंगलातल्या शाळेत चारच पोरं मावायची. वाघोजीरावांचा घसा मात्र ठणठणीत होता.

सोमवारी साहेब मैदानाच्या मध्यबिंदूवर, कोंडाजीनं आखलेल्या वर्तुळात, उभे राहिले. भोवती ठिपसे आणि त्याचे आठ सोबती. जंगलात चितळं तेवढीच शिल्लक होती. बाकीची कुठं गेली हे साहेबांच्या आचाऱ्याला विचारा. साहेबांनी डरकाळी फोडली.

नऊच्या नऊ जी सुटली ती बांध ओलांडून, बांबूचं बेट ओलांडून, नदीत उड्या घालून पार पळसबनात. कोंडाजी खुंट्यांची झोळी घेऊन मागून डुलत डुलत निघाला आणि दुपारी नदीवर पोचला. पलीकडच्या काठावर ठिपसे धापा टाकत उभा होता.

"ठिपसे, या आता परत," कोंडाजीनं हाक मारली. "माप झालं."

"कोंडाजी, तुमच्यावर राग नाही. पण इथं गवत गुडघाभर आहे आणि ओरडणारं कुणी नाही. उद्घाटनाला बोलवा, येऊ. पाहुणे म्हणून."

कोंडाजीनं नदीकाठी खुंटी ठोकली आणि तोंड पाडून सभेत परत आला.

"साहेब, संघ गेला."

"माप किती आलं?"

"नदीपर्यंत. पण साहेब, संघ..."

"नदीपर्यंत!" तरसे सभेकडे वळून म्हणाले. वानरांनी टाळ्या वाजवल्या.

काम सुरू झालं. बहावे पडले, बांबूचं बेट गेलं, पाणवठा बुजला. पायऱ्यांवर पायऱ्या चढत गेल्या. ज्यांची बिळं खाली गेली त्यांना सांगण्यात आलं, की तुमच्या घरावर पहिल्या रांगेतली जागा येतेय, नशीब काढलंत. काही बिळवाल्यांना खरंच आनंद झाला. अशांना काय म्हणावं? ते सगळ्या जंगलांत असतात.

शेवटी जागा भरल्या चौऱ्याण्णव हजार. घोषणा लाखाची झालेली. नदीच्या पलीकडे सरकता येईना. तेव्हा तरसेंची नजर मधल्या हिरव्या तुकड्यावर गेली.

"इथं सहा हजार सहज बसतील," ते म्हणाले. "मध्यबिंदू तेवढा सोडा. साहेब उभे राहिलेली जागा आहे, तिथं मंच होईल."

कोंडाजी मैदानावर आडवा पडला. "तरसेसाहेब, मग खेळायचं कुठं?"

"खेळाडू आहेत का?"

"एक ससा आहे. एक अस्वल आहे."

"मग?"

"तुम्हीच पळवलेत की बाकीचे!" कोंडाजीचे सगळे काटे उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा तो सरकारवर ओरडला. तरसे पुन्हा हसले आणि कामावरच्या गव्यांना म्हणाले, "याला उचला, पण जपून, टोचतो." गव्यांनी त्याला फळीवर घेऊन बाजूला ठेवला. मग त्याच्या डोळ्यांसमोर गवतावर दगड पडले.

उद्घाटनाला नऊ हजार जनावरांना हजर राहायचा हुकूम होता. एवढ्या पायऱ्यांवर ती पोह्यातल्या शेंगदाण्यांइतकी विरळ दिसत होती. बोलावल्याप्रमाणे पळसबनाचा संघ आला, त्यात ठिपसे आणि मंडळी. ठिपसे इकडे बघतोय, तिकडे बघतोय.

"कोंडाजी, रेघा कुठायत?"

कोंडाजीला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्यानं नुसतं मंचाकडे बोट केलं.

मंचावर वाघोजीराव बोलत होते. "बंधूंनो आणि भगिनींनो, पूर्वी या मैदानावर आपण सामने हरायचो. हे स्टेडियम बांधायला घेतल्यापासून आपण इथं एकही सामना हरलेलो नाही." वानरांनी टाळ्या वाजवल्या. "आज मी अभिमानानं सांगतो..." आणि खरोखरच साहेबांना अभिमान इतका दाटून आला, की त्यांच्या तोंडून डरकाळी निघाली.

मग काय विचारता. नऊ हजार जनावरं उठली आणि जी वाट मिळेल तिनं सुटली. ससे, रानडुकरं, गवे, लांडगेसुद्धा. पळसबनाचा संघ तर कधीच नदीत होता. धुरळा खाली बसला तेव्हा एक लाख जागांमध्ये तिघं उरले होते. साहेब, तरसे, आणि कोंडाजी, कारण साळिंदराला पळता येत नाही.

साहेबांचा चेहरा पडला. तरसेंचा पडला नाही. त्यांनी नदीपार दूर टेकडीवर चढणाऱ्या गर्दीकडे कौतुकानं पाहिलं.

"साहेब, जनता मावली नाही," ते म्हणाले. "स्टेडियम लहान पडलं. कोंडाजी, खुंट्या घ्या."

पुढची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. एका बाजूचं म्हणणं, स्टेडियम पाच लाखांचं हवं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जंगलाची ऐपत बघून दोन लाखांचं पुरे. पाच लाखांच्या बाजूनं वाघोजीराव उभे होते आणि दोन लाखांच्या बाजूनंही तेच. पळालेली जनावरं मतदानापुरती परत आणली गेली.

कोंडाजी मतपेटीसमोर बराच वेळ चिठ्ठी घेऊन उभा राहिला. पेटीवर साहेब बसले होते, त्यांनी शेपटी जरा बाजूला घेतली. कोंडाजीनं नीट विचार केला आणि दोन लाखांवर शिक्का मारला. त्यातल्या त्यात मैदानाचा विचार करणारी बाजू तीच होती.