ठकूआत्यानं व्याह्याला दाखवलेला पाय

फार वर्षांपूर्वी, आंबेव्हाळच्या डोंगरात वाघसुद्धा वाट विचारून उतरत, तेव्हा तिथं ठकूआत्या राहायची. गावाच्या वरच्या अंगाला धबधबा, आणि त्याखालून निघणाऱ्या ओढ्याचा आवाज एवढा, की काठावरचा कोंबडा आरवला हे त्याच्या चोचीवरूनच कळायचं. त्या ओढ्यात सुपारीएवढा एका जातीचा बेडूक असे. इथं ओरडून उपयोग नाही हे त्याला ठाऊक. दुसरा बेडूक त्याच्या दगडाकडे आला, की तो मागचा पाय लांब करून दाखवी: इकडे येऊ नकोस. धुणं धुताना ठकूआत्या त्यांच्याशी पायानंच बोलायची, असं म्हणतात.

तिच्या भाचीचं, शेवंतीचं, लग्न ठरलं. तुळशीचं लग्न उरकल्यावर गावानं दरसालप्रमाणे ओढ्यावर लाकडांचा साकव बांधला, आणि पलीकडच्या काठावर वऱ्हाड येऊन थडकलं. पुढे व्याही हरबाजीराव, पगडीसकट दोन माणसांएवढे.

आत्याचं लक्ष मात्र पाण्याकडे. सगळे बेडूक डोंगराकडे पाय उगारत होते, आणि बघता बघता झाडांवर चढले. घाटमाथ्यावर आभाळ काळं झालेलं. लोंढा येतोय, हे तिनं ओळखलं. ती ओरडली, पण पाण्यानं आवाज गिळला. तेव्हा तिनं लुगडं खोचलं आणि थेट हरबाजीरावांवर पाय उगारला. तो माडाच्या शेंड्याला लागला, असं म्हणतात. माड तेव्हा बुटके असतील.

शेवंतीचा बाप बहिणीच्या कानाशी आला. "अगं, व्याह्याला लाथ दाखवतेस? पोरीचं लग्न मोडेल."

"मोडू दे. नवरा तरी जिता राहील," म्हणत तिनं दुसरा पाय उचलला.

हरबाजीराव साकवावर पाऊल टाकता टाकता थबकले, लालबुंद झाले आणि अख्खं वऱ्हाड घेऊन मागं फिरले. तेवढ्यात लोंढा आला आणि साकव काडीसारखा घेऊन गेला.

मग हरबाजीरावांनी पगडी उतरवली, आत्याला हात जोडले. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनीही पाय वर केला आणि सपशेल उताणे पडले. लग्न त्याच मुहूर्तावर लागलं, असं म्हणतात. ओढा हाच अंतरपाट. 'सावधान' ऐकू जाईना, म्हणून भटजी दरवेळी पाय उचलत. अक्षता वाऱ्यानं पोचवल्या.

आंबेव्हाळात अजूनही लग्न लागण्याआधी वराचा बाप ओढ्याकडे तोंड करून पाय उचलतो. दोघेजण त्याला धरतात. हसायची सगळ्यांना मुभा असते. "आत्या, माणसं सगळी पोचली," असं तो पाण्याला सांगतो. मगच अक्षता पडतात.