बुवांची चिमूट

चूक बुवांचीच होती. मठ त्यांचा, वय त्यांचं, पाया पडायला रांग त्यांची, तरी चूक त्यांचीच.

"बुवा, खरं सांगा. दिवसातनं किती वेळा खायला घालता हिला?"

"सकाळी एक चिमूट. तुझ्या डोळ्यांदेखत की रे."

मी माशाच्या टाकीतल्या फिल्टरचा पंप उघडून त्यांच्यापुढं धरला. पंख्याच्या फटीत मोहरीएवढ्या गोगलगायी गच्च बसल्या होत्या. आठवड्यात तिसऱ्यांदा. पंप थांबला की पाणी दुधासारखं होतं, आणि सोनी वर येऊन तोंड उघडते... मिटते... उघडते.

सोनी म्हणजे मठातला एकमेव मासा. नऊ वर्षांची गोल्डफिश. बुवांनी पाण्यात बोट घातलं की धावत येते आणि बोट चोखत बसते. बुवा तिच्याशी जेवढं बोलतात तेवढं भक्तांशी बोलत नाहीत. मला ते बरोबरच वाटतं.

पॉलिटेक्निक सोडून मी इथं शिकायला आलो, त्याला आठ महिने झाले. बुवा म्हणाले होते, "आधी मासा सांभाळ." पुढचं अजून सांगितलेलं नाही.

"नळीच्या तोंडाला स्पंज लावला," मी म्हणालो. "कोबीचं पान टाकून वाटी-वाटी गोगलगायी काढल्या. तरी होतातच. उरलेल्या खाण्यावर वाढतात त्या, बुवा. कुणीतरी जास्त घालतंय. आणि डबा तुमच्या कपाटात असतो."

बुवा हसले. "म्हणजे चोर मीच."

"मग कोण? असू दे. मी औषध आणलंय. एका दिवसात सगळ्या साफ."

"साफ म्हणजे कुठं जातील?"

"...मरतील."

"मरून कुठं जातील?"

"पाण्यातच."

"आणि सोनी?"

मी बाटली खिशात ठेवली. म्हाताऱ्याला बरोबर तेवढं कळतं.

पण मीही सोडणार नव्हतो. वहीचा कोरा कागद फाडला आणि टाकीच्या झाकणावर पसरला.

"घाला. ह्याच्यावर घाला तुमची एक चिमूट."

"परीक्षा घेतोस होय लेका, माझी?"

"होय."

बुवांनी डबा उघडला. आधी दोन बोटं आत घातली. दाणे निसटले. परत घातली. परत निसटले... मग पाची बोटं आत गेली.

हात कागदावर आला. तो थरथरत होता. बोटं उघडायच्या आधीच दाणे पडायला लागले. टपटप, टपटप.

कागदावर चार दिवसांचं खाणं होतं.

बुवांनी वाकून कागद जवळ ओढला.

"एवढं?" ते म्हणाले.

"रोज एवढं."

तेव्हा माझ्या डोक्यात गुरुवारची रांग आली. बुवा पूर्वी दोन बोटांत अंगारा द्यायचे. हल्ली मूठ भरून देतात. आणि मोठीमोठी माणसं, पांढऱ्या मिशांची, भरल्या ओंजळीनं बाहेर पडताना सांगतात, 'बुवा हल्ली फार सढळ झालेत.'

"सगळे गाढव आहेत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "येतात आणि पायांवर डोकं आपटून जातात. हाताकडं कुणी बघितलं नाही."

"तू?"

"मी पण पायच..."

मी कागदावरचे दाणे बोटानं गोळा करायला लागलो.

"डॉक्टर?" मी विचारलं.

"झाला दाखवून. म्हणाला, हा आता असाच हलणार."

"आणि सांगितलं का नाही मला?"

बुवांनी कागदाची पुरचुंडी केली. निम्मे दाणे सांडले. मग डबा माझ्या हातात दिला.

"उद्यापासून तू घाल."

"तुम्ही इथंच बसायचं पण. रोज. नुसतं आत जाऊन पडून राहायचं नाही."

"बरं, गुरुजी," बुवा म्हणाले.

महिना झाला. मी सकाळी दोन बोटांत मावेल तेवढंच घालतो. काचेवर चार-दोन गोगलगायी दिसतात, असू देत. स्पंज आठवड्याला पिळतो. पंप एकदाही थांबला नाही. सोनीची शेपटी परत चकाकायला लागली. बुवा रोज येऊन शेजारी बसतात.

काल मी डबा उघडायच्या आधी त्यांनी पाण्यात बोट घातलं. बोट हललं, पाणी हललं. सोनी टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, माझ्या हातासमोर उभी होती. तोंड उघडत, मिटत.

मी हात पाठीमागं नेला. "जा की," मी तिला म्हणालो. "जा की गं, तिकडं."

ती काचेला तोंड लावून माझा हात शोधत राहिली.

बुवांनी बोट बाहेर काढलं. सावकाश धोतराला पुसलं.

"पंप झकास चाललाय, भैरू," ते म्हणाले. "सोनी आता माझ्याकडं येत नाही."