जुना डबा आणि नितळ पाणी

घुर्रर्र, घुर्रर्र, टुप्. मग जरा वेळ शांत. मग पुन्हा घुर्रर्र, घुर्रर्र, टुप्.

मुलांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. आमच्या गावात उपळेकर काका-काकूंच्या घरी सहा फूट लांबीची माशांची टाकी होती. टाकीखालच्या लाकडी कपाटात बादलीएवढा एक झाकणाचा डबा असे. तो पाणी गाळायचा फिल्टर. एका नळीने टाकीतले पाणी खाली डब्यात यायचे, आतल्या स्पंजांतून फिरायचे आणि दुसऱ्या नळीने पुन्हा वर जायचे. डबा जुना झाला होता, म्हणून घुरघुरायचा. आत हवेचा बुडबुडा अडकला की टुप् करायचा. मी तेव्हा त्या घरी टाकीची काच पुसायला जात असे. माशांचे बोलणे मला कसे कळले, ते विचारू नका. रोज काच पुसणाऱ्याला काचेपलीकडचे थोडे ऐकू येते. आता ती टाकी नाही आणि काका-काकूही नाहीत. पण कधी दुपारी डोळा लागता लागता तो आवाज कानात येतो आणि बरे वाटते.

त्या टाकीत एक सोनमासा राहत असे. त्याची शेपटी पदरासारखी लांब होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. त्याच्या मागे मागे एक लहानशी पांढरी मासोळी फिरे. ती त्याला दादा म्हणे. तिच्यावर त्याचा जीव होता. खाणे पडले की पहिला दाणा तो तिच्यासाठी सोडी. पाणी आत ओढणाऱ्या नळीवर एक म्हातारी गोगलगाय बसून असे. आणखी पंधरा-वीस मासे होते, पण ते आपापले खाऊनपिऊन सुखी होते.

घरात एक मांजर येत असे. ती कुणा एका घरची नव्हती. टाकीच्या लाकडी झाकणाला खाणे टाकण्यापुरती एक झडप होती. ती झडप उघडी दिसली की मांजर तिच्या कडेला बसे आणि माशांशी गप्पा मारी.

एके दिवशी ती म्हणाली, "काय रे सोनोबा, काल घरी पाहुणे आले होते ना? तुझ्याकडे कुणी बघितलं का?"

सोनमासा खट्टू होऊन म्हणाला, "नाही गं मावशी. पाणी जरा पिवळट आहे. त्यातून हा डबा घुरघुरतो. पाहुणे म्हणाले, हा आवाज कसला? आणि सगळे खाली वाकून कपाटच बघत बसले."

"अरेरे," मांजर म्हणाली. "मी चार घरं फिरते, बाळा. फिल्टर कसे असतात ते मला विचार. वकिलांच्या घरचा डबा तुमच्या दुप्पट आहे. पण तो पाणी असं फेकतो, की बारके मासे काचेला चिकटून बसतात. तो नको तुला. दंतवैद्यांनी मात्र नवा आणलाय. चालू आहे का बंद, कानाला कळत नाही. आणि पाणी इतकं नितळ, की टाकीत पाणी आहे का नाही म्हणून मी पंजा घालून बघितला."

"मग?"

"होतं," मांजर म्हणाली आणि तिने मिशा चाटल्या.

"आणि आमचा डबा कसा आहे?"

"तुमचा? दमेकरी आजोबा!"

सगळे मासे हसले. सोनमासा हसला नाही. त्याला ते लागले.

नळीवरून गोगलगाय हळूच म्हणाली, "मला तर इथलं पाणी गोड लागतं हो."

"आजी, तुला काय कळतंय!" सोनमासा म्हणाला. "तू निघालीस, की समोरच्या काचेवर यायला तुला दिवस लागतो. तुला कोण बघणार आहे?"

गोगलगाय गप्प बसली. मुलांनो, हळू चालणाऱ्याला गप्प बसवणे फार सोपे असते.

दुसऱ्या दिवशी सोनमाशाने एक युक्ती केली. तो टाकीतल्या झाडांची पाने तोडू लागला आणि पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडात कोंबू लागला. पांढरी मासोळी म्हणाली, "दादा, हे काय करतोस?" तो म्हणाला, "गंमत बघ. आपल्या घरी नवा फिल्टर येणार." संध्याकाळपर्यंत डब्याची घुरघुर बारीक झाली आणि मग थांबली.

उपळेकर काकांनी कपाट उघडून डब्याला हात लावून पाहिला. ते म्हणाले, "थकला बिचारा. अहो ऐकलंत का, दंतवैद्यांनी आणलाय तसाच आणू या. आवाज नाही, काही नाही."

काकू म्हणाल्या, "आणा की. पण ह्याचं काय करायचं?"

"टाकायचं. आतले स्पंज बघा कसले झालेत, नुसता चिखल!"

नवा फिल्टर आला. काका हौशी माणूस. नव्या डब्याला सगळेच नवे हवे म्हणून त्यांनी टाकीतले खडे नळाखाली खळखळून धुतले. पाणीसुद्धा अर्ध्याहून जास्त नवे भरले. काकूंचा एक नेम होता. टाकीतले काढलेले पाणी त्या कधी मोरीत ओतत नसत. परसातल्या पसरट टबात साठवून जास्वंदीला घालत. जुने काळे स्पंजही त्यांनी त्याच टबात टाकले. म्हणाल्या, "असू देत, खत आहे ते." जुनी नळीही तिथेच पडली आणि नळीला चिकटलेली गोगलगायही. ती तिथे आहे हे कुणी पाहिलेच नाही.

पहिला दिवस मोठा मजेचा गेला. पाणी काचेसारखे झाले. नवा डबा मुका होता. येणारा जाणारा टाकीपुढे थांबून म्हणे, "वा, काय मासा आहे!" सोनमासा शेपूट पसरून इकडून तिकडे फिरे आणि झडपेतून मांजर म्हणे, "आता कसा राजा शोभतोस!"

तिसऱ्या दिवशी त्याच्या कल्ल्यांत चुरचुरू लागले. चौथ्या दिवशी सकाळी पांढरी मासोळी वर गेली आणि पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळू लागली.

"खाली ये ना," सोनमासा म्हणाला.

"खाली आग होते, दादा. श्वासच पुरत नाही."

त्याने चहूकडे पाहिले. पाणी तर इतके नितळ होते, की पलीकडच्या भिंतीवरचे घड्याळ वाचता यावे. मग आग कसली? एकेक मासा वर येऊ लागला. तेवढ्यात झडपेच्या कडेला मांजर दिसली. आज ती काहीच बोलली नाही. तिचे डोळे पांढऱ्या मासोळीवर होते आणि एक पंजा हळूहळू पाण्याकडे येत होता.

"मावशी!" सोनमासा ओरडला. त्याने शेपटीचा असा फटकारा मारला, की मांजरीच्या तोंडावर पाणी उडाले. त्या आवाजाने काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. मांजर पळाली.

काकूंनी पाहिले, पांढरी मासोळी कुशीवर कलली होती. काका बाजारात गेले होते. काकूंना काय करावे सुचेना. त्यांनी वाटीने तिला अलगद उचलले आणि परसात नेऊन टबातल्या जुन्या पाण्यात सोडले. म्हणाल्या, "इथं तरी तुला निवांत मरू दे गं बाई." आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

टबातले पाणी चहासारखे होते. मासोळी तळाशी जाऊन पडली. तिने एक श्वास घेतला, मग दुसरा. कल्ल्यांतली आग जराशी निवल्यासारखी झाली.

"आलीस का," जवळून कुणीतरी म्हणाले. पाहते तो नळीवर गोगलगाय!

"आजी, तू इथं? ह्या घाणीत?"

"घाण कसली? ह्या स्पंजात इतके बारीक जीव राहतात, की मलाही दिसत नाहीत. आपण खातो, आपण पाण्यात घाण करतो आणि तिचं विष हे जीव खाऊन टाकतात. डोळ्यांना दिसतो तो गाळ, बाळ. कल्ल्यांना झोंबतं ते विष दिसत नाही. नव्या डब्यात असे जीव वस्तीला यायला महिना लागतो. तोवर तो नुसता पाणी फिरवतो."

इतक्यात टबाच्या कडेवर दोन पंजे आले. मांजर आत डोकावून गोड आवाजात म्हणाली, "वर ये गं माझी सोनी. तुला श्वास पुरत नाही ना? वर हवा बघ किती छान आहे."

मासोळी घाबरली. सकाळपासून तिला वर जायचीच सवय लागली होती. ती निम्म्यापर्यंत गेलीही.

"थांब," गोगलगाय म्हणाली. "आधी एक श्वास घे. मग मला सांग, वर जावंसं वाटतं का?"

मासोळीने श्वास घेतला. "नाही वाटत, आजी."

"मग स्पंजाखाली शिर."

मासोळी शिरली. मांजरीने पंजा घातला. पंजाला लागला तो चिखल. तिने पंजा झटकला, पुन्हा घातला, पुन्हा चिखल. ती तासभर बसली. दंतवैद्यांच्या घरी तिला इतका वेळ कधी बसावे लागले नव्हते.

दुपारी काका परतले आणि दोघे जण परसात आले. काकूंनी मनाची तयारी करून टबात पाहिले आणि त्या उभ्याच राहिल्या.

"अहो, इकडं या! हिला मी मरायला सोडलं होतं. ही तर पोहतेय!"

काका वाकून बघत राहिले.

काकू म्हणाल्या, "घाणीत पोर बरी आहे आणि तुमच्या त्या लखलखीत पाण्यात सगळी तडफडताहेत. मला शिकलेल्यांचं काही कळत नाही. पण त्या जुन्या स्पंजांत काहीतरी आहे. ते आत घाला बघू."

काका हट्टी नव्हते. त्यांनी बाह्या वर केल्या, ते काळे स्पंज न पिळता, न धुता नव्या डब्यात बसवले आणि झाकण लावताना म्हणाले, "डबा चांगलाच आहे हो. त्यात कुणी राहायलाच आलं नव्हतं." मग त्यांनी चार दिवस रोज थोडे थोडे पाणी बदलले आणि माशांचे खाणे कमी केले. मासोळी टाकीत परत आली. नळीबरोबर गोगलगायही आली. एकेक मासा पुन्हा खाली उतरला. सगळेच उतरले असे म्हणायला मला आवडले असते. पण दोन मासे त्याआधीच गेले होते.

सोनमासा बरेच दिवस शेपूट मिटून बसला. एकदा तो गोगलगायीजवळ जाऊन म्हणाला, "आजी, नळीत पानं मीच कोंबली होती."

"माहीत आहे. मी नळीवरच होते की."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"सांगायला निघाले होते रे. पण मी कुठं वेळेवर पोचते?" गोगलगाय म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच वाईट वाटले.

मग त्याने आणखी एक गोष्ट विचारली. "आजी, मावशीनं तीन घरांचे फिल्टर सांगितले. कुणाचा आवाज किती, कुणाचं पाणी कसं. सगळं खरंच होतं. मग मी फसलो कुठं?"

गोगलगाय म्हणाली, "तिनं पाणी सांगितलं. तू पाणीच विचारलंस."



आठ-दहा दिवसांनी मांजर पुन्हा झडपेशी येऊन बसली. पाणी थोडे पिवळट झाले होते. वर एकही मासा नव्हता. ती म्हणाली, "काय हे सोनोबा! पुन्हा तेच मळकं पाणी? वर तरी ये, चार गोष्टी करू. नव्या घरचा एक फिल्टर पाहून आलेय."

पांढरी मासोळी सोनमाशाला चिकटली. तो जागचा हलला नाही. तळाशी राहूनच त्याने विचारले, "मावशी, फिल्टरचं राहू दे. दंतवैद्यांच्या घरचे मासे कसे आहेत?"

मांजरीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा पाण्याकडे पाहिले. मग झाकणावरून खाली उतरली आणि दाराबाहेर निघून गेली.

तात्पर्य : नव्या वस्तूचे गुण ऐकताना, ती जिथे आली तिथली माणसे सुखी आहेत का, हे आधी विचारावे, आणि जुने टाकताना, आपले विष रोज कोण गिळत होते, ते एकदा पाहावे.