टकळी आणि परमुलखाचा चरखा

पैठणच्या पेठेत दूरदेशीचे तांडे उतरत असत, त्या काळची ही हकीकत. गोंदाई कोष्टीण टकळीवर सूत कातीत असे. एके दिवशी तांड्यातील व्यापाऱ्याने तिला परमुलखातला चरखा आणून दिला.

"अहो पाहुणे, एवढे थोरले अंग घेऊन नदी कशी ओलांडलीत?" टकळीने खोचकपणे विचारले. मनातून मात्र ती धास्तावली होती. आता आपली रवानगी चुलीत होणार, असे तिला वाटत होते.

"बैलाच्या पाठीवर बसून, आक्का," चरखा संकोचून म्हणाला. "पण सूत जिच्यावर गुंडाळले जाते, ती माझी चाती पाण्यात वाहून गेली. नुसते चाक फिरवून काय उपयोग? चुलीत जाईन तो मीच."

गोंदाईने चरखा निरखून पाहिला, टकळी उचलली, चातीच्या जागी आडवी बसवली आणि चाकावरची दोरी तिच्यावर घेऊन चाक फिरवले.

"अहो, जरा हळू!" टकळी ओरडली, पण दुपारपर्यंत चार दिवसांचे सूत निघाले.

शेजारणीची टकळी डोकावली. "अगं, हे कोणत्या मुलखाचे?"

"आमच्या घरचे," टकळी गिरकी घेत म्हणाली. "आणि मध्ये बोलू नकोस, धागा तुटेल."