इनासबाबांची मेणबत्ती

खाडीकाठी एक ख्रिस्ती गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारी होती, कातरीनबाय. मृतांच्या सणाला सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावत. कातरीनबाय एक जास्तीची नेई, इनासबाबांसाठी, आणि दरवर्षी ती तशीच परत आणी. बाबांची कबर कुठे आहे, हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं!

इनासबाबा म्हणजे गावाचे लाडके संत. फार पूर्वी पटकीची साथ आली, तेव्हा धडधाकट माणसं गाव सोडून पळाली. हे पाद्रीबाबा तेवढे मागे राहिले. त्यांनी आजाऱ्यांना पाणी पाजलं, मेलेल्यांना माती दिली. लोक परतले, तेव्हा बाबा नव्हते.

"डोळे मिटायच्या आत ही एकदा लावायची आहे रे," म्हातारी पाटलाला म्हणाली. पाटलाला पाझर फुटला. त्याने शोध सुरू केला.

पण शोधलं कुठे? वेदीखाली खणलं, घंटेखाली खणलं, मोठ्या क्रुसाखाली खणलं. मोठा माणूस मोठ्या जागीच निजणार, नाही का! हाती आल्या खापऱ्या. मग देवळातली मृत्यूंची जुनी वही काढली. तीत बाबांचं नावच नाही. पाटलाने वही मिटली.

"थांब की! साथीतली पानं लिहिली कुणी?" कातरीनबायने विचारलं.

"बाबांनीच. दुसरं होतं कोण?"

"मग स्वतःचं मरण ते कसं लिहितील, खुळ्या? किती जणांना माती दिली, ते बघ."

"सतरा. सगळे पटकीच्या रानात."

पटकीचं रान! साथीच्या धास्तीने तिकडे कुणी फिरकत नसे, सणाची मेणबत्तीही जात नसे. म्हातारी मात्र काठी टेकत निघाली. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून पाटील गेला आणि त्याच्यामागे गाव गेलं.

गवत सारून त्यांनी मातीचे उंचवटे मोजले. अठरा भरले. पुन्हा मोजले, तरी अठराच. बाबांनी वाचवलेल्या कुणीतरी त्यांना इथेच माती देऊन गाव सोडलं असणार!

"बाबांच्या गळ्यात लोखंडी क्रूस असायचा म्हणतात," पाटील म्हणाला. "सगळे खणू या, लगेच कळेल!" त्याने कुदळ उचलली.

म्हातारीची इतक्या वर्षांची आस तिथल्या तिथे पुरी होणार होती. तिने हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं आणि कुदळ धरली.

"नको रे. यांना कुणी शिवेना, तेव्हा बाबांनी हात लावला. त्यांनाच उकरून बाबांना शोधू? मग वर गेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवू? जा, आणखी सतरा मेणबत्त्या आणा."

मेणबत्त्या आल्या. पाटील वहीतलं एकेक नाव मोठ्याने वाचू लागला. एका नावाला तो अडखळला. ते त्याच्या पणजीचं होतं. घरचे तिला मागे टाकून पळाले होते. पाटील ढसाढसा रडला आणि त्याने कुदळ लांब नेऊन ठेवली.

अठरा ज्योती लागल्या. कुणीतरी विचारलं, "बाय, यातली बाबांची कुठली?"

"असेल यातलीच एक," डोळे पुसत म्हातारी म्हणाली. "पोचली बघ त्यांना."

तात्पर्य काय, तर संताला शोधायचं असेल, तर ज्यांना सगळ्यांनी टाकलं त्यांच्यात शोधावं, आणि त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती न्यावी.