सारंगी कशी वाजली?

फार पूर्वी एका गावात एक पंडित होता. शब्दांचा त्याला भारी शौक. साधी भाकरी खाल्ली, तरी तिचं चार ओळींत वर्णन केल्याशिवाय स्वारीला चैन पडत नसे.

त्याच गावात वाद्यं बनवणारा एक म्हातारा कारागीर राहत होता. तीन वर्षं खपून त्याने एका ओंडक्यातून सारंगी कोरली. राजाच्या वादकाने ती नेली. तारा राजधानीतच चढायच्या होत्या आणि म्हाताऱ्याचे पाय तर केव्हाच थकले होते. आपली सारंगी बोलते कशी, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं!

राजधानीत पाच दिवसांचा उत्सव सुरू झाला, तसं त्याने पंडिताला बोलावलं.

"पंडितबुवा, चार कोस चालायचे कष्ट घ्या. माझी सारंगी ऐका आणि कशी वाजते ते मला येऊन सांगा."

पंडिताला आभाळ ठेंगणं झालं! "बाबा, असं सांगतो की तुम्हाला इथे बसल्या बसल्या ऐकू येईल!"

वाटेतच त्याने शब्द जमवायला सुरुवात केली. सारंगी वाजू लागली, लोक डोलू लागले, आणि हा आपला मांडीवर वही घेऊन बसलेला. 'अमृताची धार' म्हणावं की 'मधाची धार'? मध ठरेपर्यंत वादन संपलंसुद्धा.

परतल्यावर म्हाताऱ्याच्या घरी येऊन त्याने मोठ्या झोकात सगळं वाचून दाखवलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता.

"छान आहे हो. पण असं तर कुठल्याही सारंगीबद्दल म्हणता येईल. माझी कशी वाजली?"

पंडिताने वही चाळली. मग आठवून पाहिलं. एक सूर आठवेल तर शपथ! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चार कोस चालत गेला. वही घरीच ठेवली होती. सारंगी सुरू झाली आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. परतताना तो जवळजवळ धावतच आला. म्हाताऱ्याच्या दारात पाऊल टाकलं आणि मात्र घुटमळला. खरं सांगितलं तर म्हातारा दुखावणार, आणि गोड शब्द तर ढिगाने तयार होते.

"बाबा, रागावू नका," तो धापा टाकत म्हणाला. "वरच्या सुरांत ती स्वच्छ वाजते. पण खाली उतरली की आवाज जरा घोगरा होतो. पोटभर रडून झाल्यावर माणूस पहिलं वाक्य बोलतो ना, तसा."

म्हाताऱ्याने खाटेवर थाप मारली. "घोगरा होतो? नक्की?"

"नक्की! मी या कानांनी ऐकलं!"

"अहो, त्याच्यासाठीच तर तिच्या पोटाचं लाकूड जाड ठेवलं होतं मी! सगळे म्हणत होते, बिघडवलीस. तीन वर्षं मी तोच आवाज शोधत होतो!"

म्हातारा हसत होता आणि रडतही होता. पंडिताचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "आता ऐकली मी माझी सारंगी."

तात्पर्य: शब्द शोधायचे असतील, तर आधी कान देऊन ऐकावं. खरं ऐकणाऱ्याला साधे शब्दही पुरतात.