रेवा माकडिणीची झोप

फार जुनी गोष्ट. एका रानात वाघाने जनावरांसाठी दवाखाना उघडला आणि सगळं काम रेवा माकडिणीवर सोपवलं. काटे काढायचे, पाला वाटायचा, जखमा बांधायच्या. तिला दोन घास खायलाही उसंत नसे. वाघ अधूनमधून यायचा, चारचौघांत तिचं कौतुक करायचा आणि निघून जायचा.

एकदा पाडसाची जखम बांधता बांधता रेवाचा डोळा लागला. पट्टी सुटली, रक्त वाहू लागलं. हरणी ओरडली तशी ती दचकून जागी झाली. पाडस थोडक्यात वाचलं. रेवाने पट्टी पुन्हा घट्ट बांधली. ती तशीच वाघाकडे गेली.

"महाराज, मी निघाले."

"अगं, तुला काय कमी आहे? उद्याच भरसभेत तुझा सत्कार करतो!"

"सत्कार नको. मला झोप हवी आहे आणि सोबतीला कुणीतरी हवं आहे. मागेही हेच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही नुसतं कौतुक केलंत."

वाघ वरमला. त्याने लगेच दोन माकडांना कामाला लावलं आणि स्वतः दवाखान्याच्या दाराशी बसला. लंगडत आलेल्या कोल्ह्याने विचारलं, "रेवाताई कुठे आहेत?"

"तुझा पाय हे दोघं बघतील," वाघ म्हणाला. "आणि जरा हळू बोल. ती झोपली आहे."